सोपं सांगा, पण खोटं कशाला?

खडूफळा: काल इथेच एकांनी लिहिलं, 'प्राथमिकच्या मुलांना विज्ञान थोडं चुकीचं सांगितलं तरी बिघडत नाही, पुढच्या इयत्तेत दुरुस्त होतं.' त्यावर '+१'ची रांग लागली. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

दुरुस्त होतं हे पाहिलंय कोणी? 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते' असं चांगले शिकलेले लोक छातीठोकपणे सांगतात. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत १५.२ कोटी. म्हणजे उत्तर गोलार्ध कुडकुडत असतो तेव्हा आपण जवळ असतो! 'जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं' हे दुसरं रत्न. टाचणी बुडते, ओंडका तरंगतो. आता बोला.

शाळाबाई: तिसरीच्या वर्गासमोर कधी उभे राहिलात का हो? घनता सांगायची तर आधी वस्तुमान, आकारमान आणि भागाकार सांगायचा. तोवर मागच्या बाकावर मारामारी सुरू. मी जड-हलकं सांगते, पोरांना कळतं, धडा पुढे सरकतो. घरी बसून तत्त्वं सांगायला काय जातंय.

खडूफळा: घनतेचं नावही काढू नका. एकाच मापाचे दोन ठोकळे, एक लाकडाचा, एक लोखंडाचा. तेवढ्याच मापाच्या पातळ डबीत पाणी. तिन्ही हातात द्या आणि विचारा, पाण्यापेक्षा जड कोण? भागाकार कुठे लागला?

तिरपागडे: मूळ दुखणं वेगळंच आहे. प्रकल्प! रात्र जागून सूर्यमाला मी रंगवली, शनीची कडी मी कापली, आणि शेरा आला 'अधिक सुबकता हवी'. गुरू नि पृथ्वी जवळपास एका मापाचे केले होते, व्यासात अकरा पटींचा फरक आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही. सुबकता म्हणे!

हातचलाखी: म्हणूनच प्रयोग करा. ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर पेला उपडा घाला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात बरोबर एक पंचमांश चढतं, कारण हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मूल जन्मात विसरत नाही.

घासलेट: विसरत नाही हीच तर पंचाईत आहे. स्पष्टीकरण चूक आहे. मेणबत्ती विझते तेव्हा आत साधारण १५-१६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. जेवढा संपला त्याच्या सुमारे दोन तृतीयांश कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. मग एवढी जागा रिकामी झाली कुठून?

हातचलाखी: कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, साहेब. शाळेत शिकला असाल.

घासलेट: इतक्या झटपट नाही विरघळत. जरा डोळे उघडे ठेवून बघा: जळत असताना पाणी फारसं हलत नाही, ज्योत विझली की झपकन चढतं. पेला घालताना आतली हवा तापून फुगलेली असते, थोडी कडेने बुडबुडे होऊन निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. नुसता पेला गरम करून पाण्यात उपडा ठेवा, तरी पाणी चढतं. तिथे काय जळलं?

हातचलाखी: अनेक वर्षं हा प्रयोग दाखवतोय, एकाही मुलाने शंका काढली नाही. इथे मात्र कुणीही उठून ज्ञान पाजळतो.

घासलेट: शंका निघाली नाही हे तुम्ही अभिमानाने सांगताय? एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच. पाणी जास्त चढलं तर तुमचा एक पंचमांश गेला कुठे?

शाळाबाई: इथे प्राथमिकच्या मुलांचं चाललं होतं, आठवतंय का कुणाला?

तिरपागडे: मेणबत्त्या आणायच्याही पालकांनीच, हे लिहून ठेवा.

हातचलाखी: लावल्या तीन. चढलं जास्त. झालं समाधान? पण तुमची ती तापलेली हवा आणि बाहेरचा दाब दुसरीतल्या पोराला समजावून दाखवा. माझं निदान लक्षात तरी राहत होतं.

खडूफळा: समजावू नकाच ना. एक मेणबत्ती, मग तीन, मग नुसता गरम पेला, एवढं मुलांना पाहू द्या. 'हवा तापली की फुगते' हे फुग्याने दाखवता येतं: रिकाम्या बाटलीच्या तोंडाला फुगा बसवा, बाटली गरम पाण्यात धरा. दुसरीतलं पोर तिथवर सहज येतं.

शाळाबाई: बरं, ठोकळे वापरून बघते. ते कोण आणून देणार हा प्रश्न आहेच, पण असो. आता ऋतूंचं सांगा. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तिसरीत कसं उतरवू? की तिथेही ठोकळे?

खडूफळा: कोन सोडून द्या. मैदानात काठी रोवा आणि वर्षभर, दर महिन्याला त्याच वेळी, सावली मोजायला लावा. सूर्य कधी उंच, कधी खाली, दिवस कधी मोठा, हे पोरांना दिसेल. कारण सहावीत सांगा. तोवर 'जवळ-लांब'चं खोटं कारण तेवढं सांगू नका.

शाळाबाई: वर्षभर काठी जागेवर राहील असं वाटतं तुम्हाला? मधल्या सुट्टीत एकदा येऊन बघा.