न्यूझीलंड, दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा मोटरहोमने : दोघांसाठी आठ रात्री पुरतील का?

सागरवाट

फेब्रुवारीच्या मध्याला मी आणि नवरा जातोय. क्राइस्टचर्चला मोटरहोम ताब्यात घ्यायची, लुईस पासवरून वेस्टपोर्ट गाठायचं, तिथून समुद्राच्या कडेने पुनाकाइकी, ग्रेमाउथ, होकिटिका, फ्रान्झ जोसेफ, फॉक्स, हास्ट, मग वानाका आणि क्वीन्सटाऊनला गाडी परत. हातात आठ रात्री आहेत. गाडी दोन बर्थची, डिझेल, ऑटोमॅटिक, लांबी सात मीटरच्या आसपास, आत संडास-शॉवर. वरंधा, आंबोली अशा घाटांत दोघंही गाडी चालवतो, पण एवढी लांब-उंच गाडी कधी चालवलेली नाही.

विचारायचं ते असं : रोज किती किलोमीटर धरावेत? डिझेल आणि नेट कुठे मिळत नाही? संडासाची टाकी आणि बॅटरी किती दिवस पुरते? आणि कुठेही रस्त्याकडेला मुक्काम करता येतो हे खरं का? आम्ही शाकाहारी आहोत, रोजचा स्वयंपाक गाडीतच करणार.

घाटमाथा

आठ रात्री पुरतात, पण किलोमीटरचा हिशेब इथल्या हायवेसारखा मांडू नका. क्राइस्टचर्च ते वेस्टपोर्ट साधारण ३३५ किमी, वेस्टपोर्ट ते ग्रेमाउथ १००, पुढे होकिटिका ४०, तिथून फ्रान्झ जोसेफ १३५, फॉक्स २५, हास्ट १२०, वानाका १४५ आणि क्रॉमवेलवरून क्वीन्सटाऊन ११५. एकूण हजारच्या वर. आडवळणं धरून बाराशे धरा. मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० आहे, पण ३५०० किलोच्या वरच्या गाडीला ९०. तुमच्या गाडीचं एकूण कमाल वजन कागदावर बघून घ्या. प्रत्यक्षात थांबे सोडून ताशी ६० ची सरासरी पडते. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे असतात. ती फक्त सूचना असते, पण मोटरहोमसाठी तोच आकडा बरोबर आहे. त्याहून जास्त वेगाने गेलात तर कपाटांची दारं उघडून भांडी खाली येतात.

पहिल्या दिवशी वेस्टपोर्ट गाठायचा हट्ट नको. गाडी ताब्यात घेताना एक-दीड तास जातो, वाणसामान भरायचं असतं, त्यात प्रवासाचा शीण. त्या रात्री हॅनमर स्प्रिंग्जला थांबा आणि दुसऱ्या दिवशी लुईस पास ओलांडा. मग दोन रात्री वेस्टपोर्ट-पुनाकाइकी, एक होकिटिका, दोन फ्रान्झ-फॉक्स, एक हास्टच्या आसपास, शेवटची वानाका. फॉक्सची जादा रात्र पावसासाठी राखीव समजा, ती दुसरीकडे खर्च करू नका.

पावसाचं सविस्तर सांगतो, कारण या किनाऱ्यावर बेत बिघडतो तो त्यानेच. होकिटिकाला वर्षाला साधारण २९०० मिमी पाऊस पडतो, म्हणजे आपल्या रत्नागिरीच्या जवळपास. फरक एवढाच की रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत उरकतो, तिथला बारा महिने विखुरलेला असतो. वायव्येचा वारा समुद्रावरची ओल थेट सदर्न आल्प्सवर आणून आपटतो आणि नद्या काही तासांत फुगतात. फ्रान्झ जोसेफजवळचा वाइहो नदीवरचा पूल २६ मार्च २०१९ ला वाहून गेला आणि तात्पुरता बेली पूल उभा राहायला १८ दिवस लागले. तेवढे दिवस किनारा मधूनच तुटला होता. त्या पट्ट्यात समांतर दुसरा रस्ता नाही. पलीकडे जायचं तर डोंगर ओलांडून अख्ख्या बेटाला वळसा पडतो.

हास्ट पासचं तर त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये डायना फॉल्सजवळ दरड कोसळली आणि एका मोटरहोममधलं जोडपं दरीत वाहून गेलं. म्हणून नियम सोपा ठेवा : मेटसर्व्हिसचा (तिथली हवामान संस्था) जोरदार पावसाचा इशारा असेल तर हास्ट ते माकारोरा हा तुकडा त्या दिवशी करायचा नाही, आणि अंधारात तर कधीच नाही. रस्ता चालू आहे की बंद हे सरकारी वाहतूक खात्याच्या जर्नी प्लॅनरवर दिसतं. ते फॉक्सला असतानाच बघा. फॉक्स सोडलं की मोबाइलची रेंज तुटक होते आणि हास्टच्या पुढे घाटात लांबवर मिळतच नाही. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा.

आता एकेरी पूल. अशा पुलाआधी गोल, लाल कडेची पाटी असेल आणि तिच्यात तुमच्या दिशेचा बाण लहान, लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या चौकोनी पाटीत तुमचा बाण मोठा, पांढरा असेल तर हक्क तुमचा. हक्क असला तरी समोरची गाडी पुलावर चढलेली असेल तर थांबाच. सात मीटरची गाडी पुलावर रिव्हर्स घेणं नवख्याचं काम नाही. थांबतानाही पुलाच्या तोंडाशी नको, पांढऱ्या रेषेच्या मागे आणि थोडं डावीकडे, म्हणजे समोरच्याला वळायला जागा राहते. हास्ट नदीवरचा एकेरी पूल सातशे मीटरहून लांब आहे. त्यावर मध्ये बाजूला घ्यायला जागा केलेल्या आहेत, समोरून कोणी दिसलं की तिथे शिरायचं.

लांबीचा अंदाज येईपर्यंत पहिल्याच दिवशी मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास सराव करा. मागच्या चाकांच्या मागे दीड-दोन मीटर धड असतं आणि वळताना ते उलट्या बाजूला झुलतं. डिझेल भरून निघताना लगेच स्टिअरिंग कापलं की मागचा कोपरा पंपाच्या खांबाला लागतो. उंचीसाठी ड्रायव्हरसमोर कागद चिकटवा : एवढे मीटर. छपराचं आणि गाडीच्या पोटाचं नुकसान बहुतेक करारांत विम्याबाहेर असतं, 'पूर्ण विमा' घेतला तरी. कच्च्या रस्त्याचं कलमही वाचा. फॉक्सजवळच्या गिलेस्पीज बीचचा रस्ता अरुंद आणि बराचसा कच्चा आहे, मोटरहोम तिथे नेऊ नका.

मागे तीन-चार गाड्या साठल्या की डावीकडे जागा बघून त्यांना जाऊ द्या. हे तिथे मनावर घेतलं जातं.

बारा_व्होल्ट

घाटमाथांनी रस्त्याचं सगळं सांगितलंय. मी टाकी, बॅटरी आणि गॅसचं सांगतो.

संडास : बसवलेली कॅसेट, म्हणजे मैल्याची बाहेर काढता येणारी टाकी, साधारण १८ लिटरची असते. कागद वापरणाऱ्या दोघांना ती दोन-अडीच दिवस पुरते. आपण पाणी वापरतो, त्यामुळे दीड दिवसातच भरते. लाल दिव्याची वाट न बघता रोज सकाळी निघताना रिकामी करायची सवय ठेवा. भरलेल्या कॅसेटने घाट केला की झडपेतून गळती होते आणि तो वास फरशीखाली मुरतो.

रिकामी करायची रीत : आतली झडप पूर्ण बंद करा (अर्धवट राहिली तर कॅसेट बाहेर सरकतच नाही, ओढाताण केली की झडपच तुटते). बाहेरच्या दारातून कॅसेट काढा, डम्प स्टेशनवर (मैला ओतायच्या ठरवून दिलेल्या जागी) न्या, नळी बाहेर फिरवून झाकण काढा. ओतताना हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही की गचके बसून अंगावर उडतं. बटण नळी खाली झाल्यावरच दाबायचं, आधी नाही. दोनदा विसळा, मग दोन लिटर साधं पाणी आणि दिलेलं केमिकल घाला. घरगुती ब्लीच किंवा फिनेल नको, रबराचं सील कडक होऊन गळायला लागतं. विसळायचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, पाटी वाचूनच पाइप लावा. हातमोजे आणि जुना टॉवेल बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आत नाही.

बॅटरी : मागची १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असेल तर वापरता येतात ते ५०. फ्रिजच एका दिवसात ४०-५० खातो. म्हणजे वीज न घेता एक रात्र सहज, दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास गाडी चालली पाहिजे किंवा बाहेरच्या विजेची केबल लागली पाहिजे. पावसाने अडकून एकाच जागी दोन रात्री काढायच्या तर हॉलिडे पार्कात (पैसे देऊन मुक्कामाच्या गाडीतळावर) विजेची जागाच घ्या. डिझेल हीटर पहाटे सुरू होत नाही ही नेहमीची तक्रार याच कारणाने येते : पेटताना काही मिनिटं तो ८-१० अँपिअर ओढतो, बॅटरी उतरलेली असली की व्होल्टेज पडतं आणि हीटर स्वतःच बंद होतो. झोपताना फोन, लॅपटॉप चार्जिंगवरून काढा आणि गारठा पडायच्या आधीच हीटर मंद चालू करून ठेवा.

मायक्रोवेव्ह, विजेची किटली, २३० व्होल्टचे सॉकेट हे सगळं बाहेरची केबल जोडली तरच चालतं. आधी केबल गाडीला, मग खांबाला. निघताना उलट क्रमाने. केबल पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवून हीटर लावला तर ती तापते.

गॅस : गाडी चालताना सिलिंडरचा कॉक बंद. शेगडी पेटवताना वरचं झरोकं आणि एक खिडकी उघडी. आपली फोडणी धुराच्या अलार्मला चालत नाही. अलार्म काढून ठेवू नका, त्यापेक्षा आधी पंखा लावा आणि मिरच्या-मोहरी मंद आचेवर घ्या. शेगडीवर ऊब घेणं धोक्याचं आहे, बंद डब्यात कार्बन मोनॉक्साइड साठतो. कुकर तीन लिटरचा न्या, पाच लिटरचा त्या छोट्या शेगडीवर डगमगतो.

डिझेल संपण्याची भीती नाही, ७० लिटरची टाकी ६०० किमी जाते. पण फ्रान्झ, फॉक्स, हास्टला ते महाग आहे, म्हणून होकिटिकाला टाकी भरा. माणूस नसलेले पंप पिन असलेलं कार्ड मागतात. बँकेकडून परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या. पंपावरच्या डिझेलच्या दरात रस्ताकर नसतो. हलक्या डिझेल गाडीला तो हजार किमीला ७६ न्यूझीलंड डॉलर पडतो आणि कंपनी शेवटी किमी मोजून वसूल करते. तो बजेटमध्ये धरा. निळं झाकण ॲडब्लूचं (धूर शुद्ध करणाऱ्या द्रावाचं) असतं, त्यात डिझेल किंवा पाणी गेलं तर दुरुस्ती फार महागात जाते. भरण्याआधी दोघांनीही झाकण बघायचं.

तिखटमीठ

खाण्याचं थोडक्यात. तिथे शिरताना प्रवासी घोषणापत्रात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करा. न सांगता सापडला तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, पेरण्याजोगं बी आणि दुधाचे पदार्थ नेऊच नका. कंपनीचं सीलबंद मसाल्याचं पाकीट दाखवलं की बहुधा जाऊ देतात. बुटांना माती असेल तर तीही जाहीर करायची, आधीच घासून न्या. डाळ, तांदूळ, कणीक, पनीर क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानांतून घ्या. होकिटिकानंतर मोठं दुकान थेट वानाकालाच, त्यामुळे भाजी तिथेच भरा. तेलकट पाणी सिंकमध्ये ओतू नका, भांडं आधी कागदाने पुसा. नाहीतर सांडपाण्याची टाकी दोन दिवसांत वास मारते.

सागरवाट

फार उपयोग झाला, घाटमाथा काका आणि बारा_व्होल्ट. मुक्कामाचं राहिलं. आणि पुनाकाइकीचे पॅनकेक रॉक्स कधीही बघितले तरी चालतात का? सँडफ्लायचंही, म्हणजे तिथल्या चावऱ्या बारीक माश्यांचंही, बरंच वाचतेय.

घाटमाथा

रस्त्याकडेला कुठेही मुक्काम, हे खरं नाही. २०२३ च्या कायद्याने 'सेल्फ-कंटेन्ड' (पाणी, संडास, सांडपाणी सगळं आतच असलेल्या) गाडीत संडास कायमचा बसवलेला हवा आणि पुढच्या काचेवर हिरवं वॉरंट, म्हणजे तसं प्रमाणपत्र, हवं. त्यावर किती माणसांसाठी हेही लिहिलेलं असतं. गाडी घेतानाच तारीख तपासा. ते असलं तरी प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे, काही ठिकाणी पूर्ण मनाई. दंड ४०० डॉलरपासून पुढे. पाटीवर जे लिहिलंय तेच खरं, ॲपवरचा जुना शेरा नव्हे. मी असतो तर संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या, जागा धरल्या असत्या : मापोरिका तळ्याकाठची ऑटो मॅकडोनल्ड्स, लेक पॅरिंगा, घाटात प्लेझंट फ्लॅट, कॅमरन फ्लॅट. स्वस्त आणि देखण्या आहेत, पण वीज नाही, आणि पिण्याचं पाणी उकळूनच. दर दोन रात्रींमागे एक हॉलिडे पार्क ठेवलं की टाकी, बॅटरी, कपडे सगळं मार्गी लागतं.

पॅनकेक रॉक्सला भरतीच्या वेळीच जा. ओहोटीला खडकांचे थर दिसतात, पण भोकांतून उडणारं पाणी दिसत नाही. नैर्ऋत्येकडून मोठ्या लाटा येत असल्या आणि भरतीला तासभर उरलेला असला तर उत्तम. भरतीची वेळ आदल्या रात्री बघा आणि वेस्टपोर्टहून निघायची वेळ त्यावर ठरवा. वेळ उरली तर केप फाउलविंडजवळ टाउरंगा बेला सील दिसतात.

सँडफ्लाय अंधारात आणि जोरदार वाऱ्यात चावत नाहीत, पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जास्त. डीट किंवा पिकारिडिनचं मलम घोट्यांना आणि मनगटांना लावा. दार उघडं ठेवून सामान काढू नका. आत शिरलेल्या काचेवर जमतात, तिथेच ओल्या कपड्याने टिपता येतात.

बारा_व्होल्ट

दोन गोष्टी राहिल्या. वानाकाहून क्वीन्सटाऊनला क्राउन रेंजचा रस्ता जवळचा दिसेल, १०७६ मीटरवर चढतो आणि क्वीन्सटाऊनच्या बाजूला तीव्र, तीक्ष्ण वळणांचा उतार आहे. काही करारांत त्याला बंदीच असते. क्रॉमवेलवरून जा.

दुसरं, परवाना. न्यूझीलंडचा साधा कार परवाना ६००० किलोपर्यंतच्या गाडीला चालतो आणि आपला वैध भारतीय परवाना इंग्रजीत असला तर तोही चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, कारण काही कंपन्या काउंटरवर तोच मागतात. दोघांचीही नावं चालक म्हणून करारात टाका. नाव नसलेल्याच्या हातून काही झालं तर विमा लागू होत नाही. अपघातात इजा झाली तर उपचार तिथल्या एसीसी या सरकारी अपघात-विमा योजनेत पर्यटकांनाही मिळतात, पण आजारपण त्यात येत नाही. त्यासाठी प्रवास विमा वेगळाच हवा.

सागरवाट

क्रॉमवेलचा रस्ता नक्की करते. फॉक्सची जादा रात्र बुक करताना तारीख बदलता येईल असाच दर घेते.

घाटमाथा

बरोबर. आणि त्या रात्री पाऊस नसला तर पहाटे लेक मॅथेसन बघा. वारा उठायच्या आत गेलं तरच पाण्यात शिखरं दिसतात. फॉक्सहून पाच-सहा किलोमीटर आहे, पूर्ण डांबरी, मोठ्या गाडीला पार्किंग आहे.