रात्री फिशटँकचा दिवा आणि पंप : तुमचे अनुभव

तेरडा
काल बहिणीकडे कवळ्याला गेले होते. भाच्याने नवा फिशटँक घेतलाय, त्यात निळी एलईडी रात्रभर चालू. "मावशी, माशांना काळोखाची भीती वाटते ना?" असं त्याने विचारलं आणि मला आमच्या बाबांची काचपेटी आठवली. लोखंडी अँगलची, सांध्यांना पुट्टी भरलेली, वर लाकडी झाकण आणि झाकणात चाळीसचा बल्ब. रात्री जेवणं आटोपली की बाबा आधी पेटीचा बल्ब बंद करायचे, खोलीतला दिवा चालू ठेवायचे आणि थोड्या वेळाने तोही मालवायचे. म्हणायचे, "त्यांना पापण्या नाहीत गो, डोळे मिटता येत नाहीत. काळोख आपणच करून द्यायचा." एअर पंप मात्र अखंड चालू. तो पेटीपेक्षा उंच, भिंतीवर खिळ्याला टांगलेला असे. वीज गेली की आम्ही पंखा थांबल्याने उठायचो, बाबा पंप थांबल्याने.

भाच्याने दिवा बंद केला, पण त्याचे "का?" संपेनात. तुमच्याकडे रात्री दिवा आणि पाणी कसं ठेवता? काय काय पाहिलंत? सगळं लिहा, त्याला वाचून दाखवणार आहे.

डिचोलीकर
पंप उंच टांगायचं कारण भाच्याला सांगा. वीज गेली की नळीतून पाणी उलटं येतं, पंप खाली असेल तर पंपात पाणी आणि जमिनीवर तळं. आता नळीत बसवायचा छोटा वॉल्व्ह मिळतो, पाणी मागे येऊ देत नाही. तरी मी पंप उंचच ठेवतो.

पेडण्याची_सून
मे महिन्यातलं वादळ, रात्री लाईट गेली ती गेलीच. पहाटे उठून बघते तर सगळे एंजल मासे वर, तोंडं पाण्याच्या कडेला लावून भराभर कल्ले हलवतायत. मी तांब्याने पाणी काढून वरून धार सोडत बसले. हात भरून आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सर, मी करते." एका हातात जपाची माळ, दुसऱ्या हातात तांब्या. उजाडेपर्यंत दोघी आळीपाळीने. मोठी मादी गेली. बाकी वाचले.
मुलाची व्हॅन आली, नंतर लिहिते.

तेरडा
अगं बाई. मादीचं वाचून वाईट वाटलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

कुळागर
पहाटेच का, तर झाडं. दिवसा टँकमधली झाडं उजेडात प्राणवायू सोडतात, काळोख झाला की तीच झाडं तो वापरायला लागतात. मासे, गोगलगाई, फिल्टरमधले जिवाणू तर चोवीस तास वापरतच असतात. म्हणून प्राणवायू रात्रभर उतरत जातो आणि सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. त्यात आपला उकाडा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण ७.५. एप्रिल-मेमध्ये आपल्या टँकचं पाणी रात्रीसुद्धा कोमटच असतं. पाणी गरम झालं की माशांची गरजही वाढते, म्हणजे मिळकत कमी नि खर्च जास्त.

दुसरं, बुडबुड्यांमुळे प्राणवायू विरघळतो असं आपल्याला वाटतं, पण बुडबुड्यातून थेट मिळतो तो थोडाच. मुख्य काम वरचा थर हलण्याने होतं. बुडबुडे खालचं पाणी वर आणतात आणि वर ते हवेला भिडतं. पेडण्याच्या वहिनींच्या तांब्याने तेच केलं. म्हणून रात्री फिल्टरचं तोंड थोडं वर वळवा, पाण्यावर लहर दिसली पाहिजे. झाडांना सिलिंडरने कार्बन डायऑक्साइड देत असाल तर दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद. यात हयगय नको.

काजूबोंडू
लहरींचं वाचून चढणीचे मासे आठवले! पहिला जोराचा पाऊस झाला की आजो गॅसबत्ती घेऊन शेतात, आम्ही मागे. मासे वाहत्या पाण्याच्या उलट वर चढायचे आणि बत्तीच्या उजेडात क्षणभर थबकायचे. आणि खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाच्या शेतातल्या, मानशीवर (पाण्याच्या दारावर) ओहोटीला लावलेली जाळी... या वर्षी कालुंदर कोणी खाल्लं का? रवा लावून?

पावशा
@काजूबोंडू धागा टँकमधल्या माशांचा आहे हो 😄 कालुंदर टँकमध्येही राहतं, खाडीचं असलं तरी गोड्या पाण्यात चालतं. मोठं होतं मात्र, टँक दांडगा लागतो.

काजूबोंडू
राहू दे की. पण आमच्याकडे ते टँकपर्यंत पोचायचं नाही.

शेवंती_म्हापसा
माझा फायटर मासा आहे, त्याचं वेगळंच. वरची सगळी सल्ल्यांची लाट त्याला लागू नाही. जोराच्या प्रवाहात त्याचे ते लांब पर ओढले जातात, तो पानामागे दडून बसतो, थकतो. फायटर आणि गौरामी वर येऊन हवेतून श्वास घेतात, डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यांना तसा अवयव असतो. म्हणून पाणी आणि झाकण यांमध्ये मोकळी जागा हवीच. मी स्पंज फिल्टर लावलाय, हवा बारीक सोडते. रात्री तो रुंद पानावर आडवा पडून झोपतो. पाहुणे आले की "मेला काय?" म्हणून विचारतात. टॉर्च मारू नका एवढंच सांगते.

डिचोलीकर
टॉर्चवरून: माझे निऑन मासे. रात्री पाणी प्यायला उठलो, मोबाईलचा उजेड पडला तर सगळे फिक्कट, लाल पट्टा गायब. रोग आला म्हणून झोप उडाली. सकाळी रंग परत. काळोखात निऑनचा रंग उतरतोच, नवीन लोकांनी औषधं ओतू नका.

रानमोगरा
निळ्या दिव्याला एवढं वाईट म्हणू नका. माझ्याकडे सकर आणि कुली लोच आहेत, दोघे रात्रीचे. दिवसभर लाकडाखाली. झोपायच्या आधी थोडा वेळ अगदी मंद निळा लावते. लोच वाळूत तोंड खुपसून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात, कल्ल्यातून वाळूचे कण बाहेर पडताना दिसतात. मग बंद. रात्रभर मात्र नको, भाच्याला सांगा. झेब्रा मासा झोपेच्या अभ्यासात फार वापरतात, सतत उजेडात ठेवला तर त्याची झोप कमी होते असं दिसलंय.

कुळागर
+१. शिवाय शेवाळ. दिवा ८ ते १० तास पुरे. आपल्याकडे बाहेरचा दिवसही वर्षभर ११ ते १३ तासांचाच असतो. टायमर लावा, रोज एकाच वेळी.

पावशा
चवथीचं कोणीच नाही लिहिलं? आमच्याकडे टँक हॉलमध्ये, माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या) बाजूलाच. दिव्यांच्या माळा रात्रभर लुकलुकतात आणि एंजल काचेवर धडकतात, कारण काळोख-उजेड-काळोख एकदम. आता वडील टँकवर जुनं लुगडं घालतात, फक्त फिल्टरची बाजू उघडी. आरतीला टाळ वाजले तरी शांत.

शेवंती_म्हापसा
लुगडं मस्त! माटोळीला या वर्षी घागऱ्यो (त्या खुळखुळणाऱ्या रानशेंगा) मिळाल्या का तुम्हाला?

पावशा
मिळाल्या, सत्तरीहून मामाने आणल्या. तिकडच्या बाजारात लवकर जावं लागतं.

पेडण्याची_सून
आले परत. त्या वादळानंतर ह्यांनी बॅटरीचा पंप आणला. प्लगला लावून ठेवायचा, वीज गेली की आपोआप सुरू. सासूबाई दर पंधरवड्याला प्लग काढून बघतात, चालतो की नाही. आणि वीज नसली की मी खायला घालत नाही. माशांना एखाद दिवसाच्या उपासाने काही होत नाही, पण खाल्लं की त्यांना प्राणवायू जास्त लागतो आणि उरलेलं खाणं पाणी बिघडवतं.

डिचोलीकर
हे महत्त्वाचं. आणखी एक, बंद डब्याचा फिल्टर बरेच तास थांबला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आतले जिवाणू प्राणवायूविना मरतात, ते घाण पाणी सरळ टँकमध्ये येतं. उघडायचा, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळायचा, मग सुरू. नळाच्या पाण्यात नको, क्लोरीन असतं.

काजूबोंडू
विहिरीचं चालेल का? आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल देव जाणे.

कुळागर
स्पंजाला चालेल. टँकमध्ये भरताना जपून. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ आणि थोडं आंबट असतं, निऑनना आवडतं, गप्पी-मॉलींना नाही. आणि विहिरीतून ताजं काढलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो, बादलीत एअरस्टोन (पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) टाकून रात्रभर ठेवा.

तेरडा
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. निळा दिवा आता रात्री नऊला बंद होतो. लुगडं आईकडून मागून नेलंय. त्याचा पुढचा प्रश्न: गोगलगाई झोपतात का?

रानमोगरा
झोपतात बाळा. काचेला चिकटून, शिंगं आत घेऊन. ओढून काढू नकोस.

काजूबोंडू
बॅटरीचा पंप फोंड्याला कुठे मिळेल?

पेडण्याची_सून
आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो तेव्हा घेतला, माशांच्या दुकानात. शोभेच्या, खायच्या नव्हे 😀