मदत हवी आहे: हृदयाच्या डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) गाठ की रक्ताची गुठळी? इकोनंतर पुढे काय?

रुग्ण स्त्री, वय ५८. साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या अलिंदात ३.२ × २.४ सेंमीचा गोळा, दोन अलिंदांमधल्या पडद्याला चिकटलेला. ठोके नियमित, झडपा ठीक. रिपोर्टात 'मिक्सोमा (हृदयातली सौम्य गाठ)? गुठळी?' एवढंच. एमआरआय की सीटी? आणि चिठ्ठीवर नेमकं काय लिहायचं?

स्पंदन:
त्याआधी अन्ननलिकेतून इको (टीईई) करा. देठ कुठून निघतो ते बघायचं. मिक्सोमाचा बहुधा फोसा ओव्हॅलिसपाशी (त्या पडद्यातल्या पातळ खोलगट भागापाशी). गुठळी सहसा अपेंडेजमध्ये (अलिंदाच्या छोट्या पिशवीत) सापडते, आणि सोबत एट्रियल फिब्रिलेशन (अलिंदाचे अनियमित ठोके) किंवा अरुंद मायट्रल झडप असते. इथं पारडं मिक्सोमाकडे झुकतंय, पण नुसत्या जागेवरून निदान पक्कं करू नका. पडदाच जाड, डंबेलसारखा आणि फोसा तेवढा मोकळा दिसला तर ती बहुधा चरबी. एमआरआयच्या चरबी दाबणाऱ्या सिक्वेन्सवर (प्रतिमा घेण्याच्या पद्धतीवर) ती काळी पडते.

टीवन_टीटू:
नुसतं 'कार्डियाक एमआरआय' लिहिलं तर स्नायूचा नेहमीचा प्रोटोकॉल होऊन रिपोर्ट येईल. 'कार्डियाक मास' लिहा आणि हे मागा: सिने (हलत्या प्रतिमा), टी१ आणि टी२ (ऊतींतला फरक दाखवणाऱ्या दोन प्रकारच्या प्रतिमा), चरबी दाबून टी१, फर्स्ट पास परफ्युजन (शिरेतून दिलेला रंग पहिल्यांदा पोचताना गोळ्यात रक्त जातं का ते), गॅडोलिनियमनंतर (एमआरआयच्या त्या रंगानंतर) लवकरच्या आणि साधारण १० मिनिटांनंतरच्या प्रतिमा.

गोची होते ती लवकरच्या प्रतिमांत. १.५ टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) मशीनवर इन्व्हर्जन टाइम (कोणती ऊती काळी दिसेल ते ठरवणारा वेळ) लांब, ६०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा लागतो. मग गुठळी कुळकुळीत काळी आणि स्नायू करडा दिसतो. स्नायू काळा करणारा नेहमीचा टाइम ठेवला तर गुठळी करडी दिसते आणि गाठ वाटते. मिक्सोमा टी२वर उजळ असतो, पण रंग ठिकठिकाणी, चट्ट्याचट्ट्यांनी घेतो. जुन्या गुठळीची कडही रंग घेऊ शकते, म्हणून परफ्युजन गाळू नका.

धागाकर्ता:
आभार. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) २४ आहे, म्हणजे बराच कमी, हे राहिलंच!

टीवन_टीटू:
मग मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारा. ग्रुप २ मधल्या (अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या वर्गवारीतल्या) गॅडोलिनियमचा धोका फार कमी मानतात. सीटीच्या रंगातलं आयोडीनही मूत्रपिंडावरच येतं, तेव्हा ती पळवाट नव्हे.

स्पंदन:
अशा वेळी मायक्रोबबल इको (शिरेतून वायूचे सूक्ष्म बुडबुडे देऊन केलेला इको) कामाला येतो. त्यातला वायू श्वासावाटे जातो, मूत्रपिंडाशी संबंध नाही. मेकॅनिकल इंडेक्स (ध्वनिलहरींच्या जोराचा आकडा) कमी ठेवा, फ्लॅश (क्षणभर जोरदार लहर) देऊन बुडबुडे फोडा आणि गोळा पुन्हा भरतो का ते पाहा. अजिबात भरला नाही तर गुठळी, थोडा भरला तर मिक्सोमा, शेजारच्या स्नायूपेक्षा जास्त उजळला तर घातक गाठीचा संशय.


आणि हृदयाच्या डाव्या बाजूच्या गोळ्याची बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणं) टाळा. तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो.