भाड्याच्या घरात ढेकूण झालेत, घरमालक म्हणतात तुम्हीच आणले. मदत हवी आहे

नमस्कार. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघं अडीच महिन्यांपूर्वी या घरात राहायला आलो. घर फर्निचरसकट घेतलं आहे. दोन पलंग, त्यांच्या गाद्या आणि सोफा घरमालकांचा.

तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या दंडावर एका ओळीत तीन-चार गांधी दिसल्या. डास असतील म्हणून मच्छरदाणी लावली, तरी रोज सकाळी नव्या गांधी. नवरा त्याच गादीवर झोपतो आणि त्याच्या अंगावर एक ठिपका नाही, त्यामुळे ढेकणांची शंकाच आली नाही. चावतात सगळ्यांनाच, पण काहींच्या अंगावर उठतच नाही, हे आता कळलं.

गेल्या आठवड्यात एका रात्री तीन वाजता मुलगी रडत खाजवत उठली. मोबाइलचा टॉर्च लावून गादीचा कोपरा उचलला तर शिवणीच्या कडेने पेनाची शाई ठिबकल्यासारखे काळे ठिपके. ओल्या कापसाने पुसले की तांबूस पसरतात. मधेमधे फिकट पिवळी, आरपार दिसणारी कात. डोक्याकडची फळी जिथे स्क्रूने बसवली आहे त्या फटीत जुनं कार्ड फिरवलं आणि चार ढेकूण बाहेर आले, तीन चपटे, एक रक्ताने टम्म. आत जेमतेम मिलिमीटरभराची पांढरी अंडी, नखाने खरवडली तरी निघेनात. मुलीला अडीच महिने याच फळीला उशी लावून झोपवत होते, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घरमालकांना फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं, आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती, म्हणजे तुमच्या सामानातून आले, खर्च तुमचा. प्रामाणिकपणे सांगते, आमच्या सामानातून आलेच नसतील असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. पण ही फळी आम्ही कधी हलवलीसुद्धा नाही आणि तिच्यामागे कातींचा थर आहे. आम्ही येण्याआधी घर दोन महिने बंद होतं, तर ढेकूण कुठून असणार, असंही ते विचारतात. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतात ना? भाडेकरारात कीटकांबद्दल एक ओळ नाही. डिपॉझिट कापतील अशी भीती वाटते.

आतापर्यंत केलं ते असं : चादरी, अभ्रे, कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुतले. गाद्या दिवसभर उन्हात टाकल्या. दुकानातला फवारा मारला आणि आम्ही सगळे हॉलमध्ये झोपायला गेलो. दोन रात्री शांत गेल्या, तिसऱ्या दिवशी सोफ्याच्या शिवणीत ढेकूण. सोफा त्याआधी मी स्वतः तपासला होता, स्वच्छ होता.

आता घरमालकांनी ओळखीचा माणूस सुचवला आहे. तो म्हणतो, "गोळ्या ठेवतो, दार लावून एक रात्र बाहेर काढा, सकाळी एकही दिसणार नाही." कसल्या गोळ्या ते सांगत नाही, डब्यावर लेबल नाही. सासूबाईंना दमा आहे. हे करू द्यावं का? आणि खर्चाचं बोलणं कुठून सुरू करू? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद

आधी गोळ्यांचं. अजिबात नको, घरमालक रागावले तरी नको. बिनलेबलच्या अशा गोळ्या बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. त्या धान्याच्या गोदामासाठी आहेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, तो फटींतून शेजारच्या घरातही जातो, आणि त्यावर उतारा नाही. यात झोपेतच माणसं गेली आहेत, लहान मुलंसुद्धा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

दुसरं, आजच आपापल्या पलंगावर परत जा. ढेकूण श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर येतात. तुम्ही हॉलमध्ये गेलात, ते मागोमाग आले. फवाऱ्यानेही पांगले असतील. नेहमीच्या फवाऱ्यांतल्या पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी सरावलेत, आणि अंड्यांवर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

पलंग भिंतीपासून वीतभर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, आणि चारही पायांखाली आतून गुळगुळीत भांडी ठेवा. आत टाल्कम पावडरचा पुसट हात द्या, बाहेरून कागदी चिकटपट्टी लावा. चढतात, पडतात, बाहेर येता येत नाही. रोज सकाळी मोजून तारखेसह लिहून ठेवा. उन्हाने गादीचा वरचा थर तापतो, आतला नाही. मोठा ढेकूण 48 अंशांना वीसेक मिनिटांत मरतो, अंड्यांना त्याच उष्णतेत तासाहून जास्त लागतो. म्हणून फटींना वाफेचं यंत्र, अगदी सावकाश फिरवत. गाद्यांना चेनचं बंद कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका. गाद्या टाकून देऊ नका, एक तर त्या तुमच्या नाहीत.

पेस्ट कंट्रोलवाला निवडताना एकच विचारा, दुसरी फेरी कधी? अंडी साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी पुन्हा यायलाच हवं. एका फेरीत संपवतो म्हणणाऱ्याला घेऊ नका.

घरमालकांशी "कुणी आणले" यावर वाद घालू नका, ते सिद्ध होत नाही. पाहणीचा लेखी अहवाल मागा, त्यात लागण किती जुनी दिसते आणि भिंतीला भिंत असलेली घरं तपासली का, हे येऊ द्या. दोन-तीन ढेकूण पारदर्शक चिकटपट्टीत चिकटवून ठेवा. मग लेखी कळवा : पलंग तुमचा, घर तुमचं, उपचार आत्ता व्हायला हवेत, खर्च निम्मा-निम्मा करू. ढेकूण दिसल्याबरोबर तुम्ही त्यांना कळवलंत, हेही तारखेसकट लिहा. डिपॉझिटच्या वेळी तेच कामी येतं.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून आभार. गोळ्यांना नकार आत्ताच लेखी कळवला आणि शेजारच्या काकूंनाही सांगून आले. त्यांच्या नातवालाही महिनाभर गांधी येताहेत, ते डास समजत होते. उद्या त्यांचा पलंग एकत्र तपासतो. एक राहिलं : सासूबाई जमिनीवर गादी घालून झोपतात, पलंग त्यांना चढवत नाही. त्यांच्यासाठी पायांखालच्या भांड्यांसारखं काय करता येईल?