अनुभव धागा : विजयाची घोडदौड आणि आपण

मिसिसागाकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. १ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना अकराव्या इनिंगमध्ये ५-४ असा घालवून टोरोंटो ब्लू जेजचा हंगाम संपला. त्यावर माझं रडून झालंय, तेव्हा त्या रात्रीबद्दल कुणी विचारू नये. मला त्याआधीचं लिहायचंय.

२०२४ मध्ये हीच टीम ७४ जिंकून ८८ हरली होती आणि विभागात तळाला होती. २०२५ च्या जूनअखेर तिने अचानक सलग दहा सामने मारले. त्यातले चार न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध, लागोपाठ, आपल्याच मैदानात. १ जुलै म्हणजे कॅनडा डेची सुट्टी. त्या दिवशी आपल्या जॉर्ज स्प्रिंगरने एकट्याने ७ धावा आणल्या, त्यात एक ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना चेंडू मैदानाबाहेर आणि एका फटक्यात चार धावा. परसदारी कणसं भाजता भाजता मी फोनवर ऐकत होतो. कुंपणापलीकडचा शेजारी इतक्या वर्षांत 'हाय' च्या पुढे गेला नव्हता. तो खुर्ची घेऊन इकडेच येऊन बसला आणि मग सप्टेंबरपर्यंत येतच राहिला. मीठ-तिखट-लिंबू लावलेलं कणीस आता त्याच्या घरीही होतं.

आणि लक्ष्मीपूजन! २० ऑक्टोबर, सिॲटलविरुद्ध निर्णायक सामना, जिंकेल तो वर्ल्ड सीरिजला. एरवी साडेनऊला 'उद्या शाळा आहे' म्हणत चपला शोधणारे पाहुणे हलायलाच तयार नाहीत. आपण ३-१ ने मागे, सातवी इनिंग, दोघं बेसवर आणि स्प्रिंगरचा होम रन. माझ्या मावससासूबाईंना नियम काडीचे कळत नाहीत, पण चिवड्याची वाटी उडवली ती त्यांनीच.

तर लिहिते व्हा. तुमची टीम सारखी जिंकत होती तेव्हा घरात, ऑफिसात, डोक्यात काय चाललं होतं? टीम कुठलीही, वर्ष कुठलंही.

पावसाळी

ज्या होम रनवर तुमचा चिवडा उडाला, त्याच होम रनवर सिॲटलमध्ये आमच्याकडे कुणी फराळाला हात लावला नाही. असो. आज जेवढ्या टीम्स अस्तित्वात आहेत त्यांत वर्ल्ड सीरिज एकदाही न खेळलेली एकच आहे, ती आमची. त्यामुळे जिंकण्याबद्दल लिहायचं तर मला २००१ लाच जावं लागतं.

तेव्हा मी सिॲटलजवळच्या रेडमंडला नवा होतो. आमच्या टीमचे, सिॲटल मरिनर्सचे, मोठे खेळाडू एकामागोमाग गेले होते. आधी रँडी जॉन्सन, मग ग्रिफी आणि त्या हिवाळ्यात ॲलेक्स रॉड्रिगेझ. ऑफिसातले लोक म्हणत, आता दहा वर्षं बघू नकोस. आणि जपानहून इचिरो आला. एप्रिलमध्ये टीम २० जिंकली, ५ हरली. इचिरोला पाहणं हा क्रिकेटवाल्यासाठी सोहळा होता. चेंडू मैदानाबाहेर धाडायच्या फंदात न पडता तो मोकळ्या जागा हेरून मारायचा आणि पळत सुटायचा. त्या वर्षी २४२ हिट्स आणि ५६ चोरलेले बेस, म्हणजे फटका नसताना नुसतं पळून गाठलेले. मला बेसबॉल कळला तो त्याच्यामुळे. बाकीच्यांची नुसती ताकद दिसायची.

ऑगस्टपर्यंत जिंकण्याची इतकी सवय झाली की आम्ही माजलो. ५ ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये १४-२ ने पुढे होतो. मी टीव्ही बंद करून भाजी आणायला गेलो. परत येतो तर १५-१४ ने हरलेलो. तरी फारसं काही वाटलं नाही. उद्या जिंकतीलच!

मग ११ सप्टेंबर झालं. आठवडाभर खेळ बंद. आम्ही तपकिरी रंगाचे लोक रात्री दुकानात एकटे जाईनासे झालो. शेजारच्या सरदारजींनी गाडीच्या काचेवर मोठा अमेरिकन झेंडा लावला, कारण उघड होतं. १९ सप्टेंबरला टीमने विभाग जिंकला, तेव्हा एरवी होते तशी शॅम्पेनची उधळण मैदानात झाली नाही. खेळाडूंनी गुडघे टेकले आणि मग झेंडा घेऊन मैदानाला फेरी मारली. त्या गर्दीत मी होतो. आधी जायचं की नाही यावर घरी वाद झाला होता. बाजूच्या गोऱ्या आजींनी माझा हात धरला आणि फेरी संपेपर्यंत सोडला नाही.

हंगामात ११६ विजय. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. पुढे यांकीजनी पाच सामन्यांत बाहेर काढलं आणि त्यानंतर २०२२ पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचं, नाव नाही.

निव्वळ क्रिकेट

भाबडा प्रश्न. ११६ जिंकले म्हणजे ४६ हरले ना? मग एवढं कौतुक कशाचं? आणि 'सलग दहा' वर लोक नाचतात कसे? स्टीव्ह वॉच्या ऑस्ट्रेलियाने सलग १६ कसोट्या जिंकल्या होत्या, त्या ईडन गार्डन्सवर आपण थांबवल्या.

बुलपेन

@निव्वळ क्रिकेट, हंगाम १६२ सामन्यांचा. जवळजवळ रोज सामना आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रोज वेगळा. आज तुमचा हुकमी एक्का, चार दिवसांनी पाचव्या नंबरचा बिचारा. शंभर जिंकले तर वर्ष उत्तम, म्हणजे उत्तम टीमसुद्धा साठेक वेळा तोंडावर आपटतेच. दर सामन्यात जिंकायची शक्यता साठ टक्के धरा, हीसुद्धा फार चांगल्या टीमची. ठरावीक वीस सामने सगळेच जिंकण्याची शक्यता निघते साधारण सत्तावीस हजारांत एक. म्हणून लोक नाचतात.

गिरणगाव ते फ्रीमाँट

वीसचा विषय निघालाच आहे तर मी तिथे होतो. ओकलंड, २००२.

आधी परिस्थिती सांगतो. डॉटकॉमचा फुगा फुटलेला. मी कन्सल्टन्सीच्या बेंचवर, म्हणजे व्हिसा आहे, काम नाही आणि पगार कधी येतो, कधी येत नाही. फ्रीमाँटच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. बुधवारी ओकलंड ए'जची तिकिटं अगदी किरकोळ भावात मिळत. बार्टच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, कोलिझियम स्टेशनात उतरलं की पुलावरून सरळ मैदानात. सिनेमापेक्षा स्वस्त, म्हणून जायचो.

ही टीमही आमच्यासारखीच. पगारपत्रक सुमारे ४ कोटी डॉलरचं, यांकीजचं त्याच्या तिप्पट. त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज जेसन जियांबी यांकीजनी उचलला होता. त्याच्या जागी फर्स्ट बेसवर स्कॉट हॅटेबर्ग. हा मुळात कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, कोपर गेल्यामुळे कॅचिंग बंद झालेला. टाकाऊ म्हणून सोडलेली माणसं जमवून संघ बांधायचा, हे टीमचा कारभार बघणाऱ्या बिली बीनचं डोकं. त्यावर पुढे जगभर बोललं गेलं. पण हडसन, मल्डर आणि झिटो हे तिघं पिचर टाकाऊ नव्हते हो, ते अस्सल सोनं होतं. झिटोच्या नावावर त्या वर्षी २३ विजय लागले. गोष्ट सांगणारे नेमकं हे विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

१३ ऑगस्टपासून जिंकायला लागले ते थांबेचनात. आणि नेमकं त्याच वेळी खेळाडूंच्या संपाचं सावट, मुदत ३० ऑगस्ट. मी परळला फोनवर हे सांगितलं. बाबा गिरणीत होते, ८२ च्या संपात आमचं घर कसं चाललं ते आई जाणे. बाबांनी पहिला प्रश्न केला, "त्यांच्या युनियनचा पुढारी कोण?" दुसरा, "संपाच्या काळात घरी किती दिवस पुरेल एवढं आहे त्यांच्याकडे?" मी म्हटलं, बाबा, ते करोडपती आहेत. ते म्हणाले, "असू देत. मालक तर त्याहून मोठे असतील." ३० तारखेला सकाळी समझोता झाला, संध्याकाळी ए'ज सोळावा सामना जिंकले. बाबांना त्यातल्या पहिल्या बातमीचाच आनंद जास्त.

अठरावा मिगेल तेहादाच्या शेवटच्या क्षणीच्या होम रनवर. एकोणिसावा पुन्हा त्याच्याच फटक्यावर. आणि ४ सप्टेंबर, बुधवार. त्या संध्याकाळी बार्टमध्ये पाय ठेवायला जागा नाही, दादरची आठवण झाली. पंचावन्न हजारांवर माणसं. तिसऱ्या इनिंगअखेर आपण ११-० ने पुढे. मागच्या ओळीतले लोक लवकर निघून गाडी काढायचं बोलू लागले. आणि मग कॅन्सस सिटीवाले एकेक करत ११-११ वर आले. तो आवाज मी विसरू शकत नाही. एवढ्या गर्दीतून आवाज असा येत नव्हता, नुसती कुजबुज. माझा रूममेट वरणगावचा, तो दोन्ही कानांत बोटं घालून खाली वाकून बसला होता. नवव्या इनिंगमध्ये हॅटेबर्ग बदली म्हणून आला आणि त्याने उजवीकडे उंच मारला. रूममेटला मी पाठीत गुद्दा घालून उठवलं. १२-११.

दोन दिवसांनी मिनेसोटात ६-० ने हरले. पुढे प्लेऑफमध्येही त्याच मिनेसोटाने घालवलं. मला काम ऑक्टोबरात मिळालं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

२०२४ मध्ये टीमच ओकलंड सोडून गेली. आता सॅक्रामेंटोजवळच्या छोट्या मैदानात खेळते. मी बघत नाही.

पावसाळी

@गिरणगाव, बाबांचे प्रश्न __/\__

ओहायोची सून

काका, तुमचा वीसचा विक्रम आमच्या क्लीव्हलंडने मोडला, त्याबद्दल आधी क्षमस्व.

२०१७. सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, वेळ जाता जाईना. टीमचं नाव तेव्हा इंडियन्स होतं, त्यामुळे त्यांचा पहिल्या दिवसापासून समज की ही आपलीच माणसं. नवऱ्याने सगळा इतिहास समजावला, त्या नावावरून आणि टोपीवरच्या चित्रावरून मूळ रहिवाशांचं म्हणणं काय आहे तेही. सासरे गंभीर झाले, "मग बदलायला हवं" म्हणाले. २०२२ पासून ते गार्डियन्स झालं, तेव्हा साताऱ्याहून मुद्दाम फोन आला होता.

तर २४ ऑगस्टला जिंकायला सुरुवात झाली आणि २५ ला गणपती बसले. आता सांगा, साताऱ्याचा माणूस यातून काय अर्थ काढेल? आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणतात, यंदा दहा दिवस ठेवू. सासूबाईंनी डोळे वटारले, नैवेद्य कोण करणार? शेवटी पाच दिवसांवर तडजोड झाली, पण विसर्जनाच्या रात्री सासऱ्यांना झोप नव्हती. टीम जिंकली. अनंत चतुर्दशीला तेरावा सामना मारला, तेव्हा म्हणाले, "आता आपला काही संबंध नाही, ते स्वतःच्या जोरावर चाललेत." फार मोठा दिलासा!

त्यांना एकदा मैदानात नेलं. वरच्या बाकांवर जॉन ॲडम्स हे गृहस्थ १९७३ पासून ढोल वाजवत. सासरे पूर्ण सामनाभर मैदानाकडे कमी आणि ढोलाकडे जास्त बघत होते. परतताना निर्णय दिला, "हात चांगला आहे, पण ताशा नाही." ॲडम्स २०२३ मध्ये गेले.

बाविसावा, १४ सप्टेंबर. नववी म्हणजे शेवटची इनिंग, २-१ ने मागे, दोन बाद, दोन स्ट्राइक. म्हणजे एक चेंडू आणि संपलं. आपल्या लिंडॉरने डावीकडच्या भिंतीवर मारला आणि बरोबरी. दहाव्यात जिंकलो. बावीस सामन्यांत आपल्या १४२ धावा, समोरच्यांच्या ३७. दुसऱ्या दिवशी हरलो, तेव्हा मैदानातल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सासरे मात्र टीव्हीसमोर उठले नाहीत. "हरल्यावर कसल्या टाळ्या?" हे त्यांचं मुख्याध्यापकी मत कायम आहे.

पुढे यांकीजविरुद्ध २-० ने पुढे असून मालिका ३-२ ने घालवली. कुणी विचारू नये.

निव्वळ क्रिकेट

एक निरीक्षण. टोरोंटो, सिॲटल, ओकलंड, क्लीव्हलंड, सगळ्यांचा शेवट हरण्यात. या धाग्यावर एकही चॅम्पियन नाही काय?

कोबेवासी

आहे की. फक्त अमेरिकेतला नाही.

पुण्यात जपानी शिकले, कोबेला नोकरीला आले. इथे हानशिन टायगर्सचा चाहता असणं म्हणजे दुःखाची वर्गणी भरणं. १९८५ मध्ये ते आधी लीग आणि मग जपान सीरिज, म्हणजे देशाचं विजेतेपद, जिंकले. लीग जिंकल्याच्या जल्लोषात लोकांनी ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यात एका चिकनवाल्या दुकानाचा कर्नलबाबांचा पुतळा फेकला. त्या वर्षानंतर टीम जपान सीरिज जिंकेचना, तर लोक म्हणाले, शाप लागला. २००९ मध्ये पुतळा चिखलातून वर काढला, तरीही नाही.

२०२३ मध्ये आमचे मॅनेजर ओकादा. हे १९८५ च्या टीममध्ये खेळाडू होते. त्यांनी फर्मान काढलं, विजेतेपदाचा शब्द उच्चारायचा नाही. नुसतं 'ते' म्हणायचं. वर्तमानपत्रं, टीव्ही, आमचे सेक्शन हेड, सगळे 'ते, ते' करायला लागले. मला घरच्यासारखंच वाटलं, आमची आजी नातवाचं वजन वाढलंय असं कधी बोलू देत नसे. जवळच्या अमागासाकीतल्या बाजारपेठेत मात्र उलटा कारभार. तिथे हंगाम सुरू व्हायच्या आधीच, म्हणजे सगळे १४३ सामने बाकी असताना, जिंकायला आणखी किती हवेत याचा आकडा लावतात!

सप्टेंबरमध्ये सलग अकरा जिंकले. अकरावा १४ तारखेला, घरच्या कोशिएन मैदानात, समोर जन्माचे वैरी योमिउरी जायंट्स, ४-३. अठरा वर्षांनी लीग. मी ऑफिसातून सुटून हानशिनच्या रेल्वेने येत होते. डब्यात सगळे फोनमध्ये, कुणी बोलत नाही. शेवटचा गडी बाद झाला आणि समोरच्या सूटबूटवाल्या काकांनी टाय सोडला, नीट घडी केला, बॅगेत ठेवला आणि मग ओरडले. डबाभर लोक एकमेकांना 'ते झालं, ते झालं' सांगत होते. शब्द अजूनही कुणी उच्चारला नाही, कारण जपान सीरिज बाकी होती. तीही ५ नोव्हेंबरला ओरिक्सला ७-१ ने हरवून जिंकली, १९८५ नंतर पहिल्यांदा.

मिसिसागाकर

वा! आमच्याकडे ऑक्टोबरभर ऑफिसात सगळे तो शब्द बोंबलत होते. आता कळलं.

पावसाळी

@कोबेवासी, ओकादांना सिॲटलला पाठवा. मार्चअखेर हंगाम सुरू होतोय. पहिल्या आठवड्याची तिकिटं मी घेऊन ठेवली आहेत आणि 'त्या' बद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही असं मुलांना बजावलंय.