फेरोप्टोसिस: लोहमृत्यू, लोहपात की आणखी काही?

भुसावळकर: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा एक लेख मराठीत करतोय. ‘फेरोप्टोसिस’ या पेशी मरण्याच्या एका प्रकाराच्या नावापाशी दोन दिवस गाडी यार्डातच उभी. ‘लोहमृत्यू’ लिहिलं, तर घरात विचारणा झाली, ‘लोखंड मेलं का?’

धुळेकर: बरोबरच विचारलं. ‘लोहमृत्यू’ म्हणजे लोहाचाच मृत्यू वाटतो. मूळ शब्द २०१२चा. फेरम म्हणजे लोह, प्टोसिस म्हणजे पडणं, गळणं. त्याआधी १९७२मध्ये ‘अपोप्टोसिस’, म्हणजे पेशीचा ठरवून होणारा मृत्यू, हा शब्द आला, तो झाडाची पानं गळतात त्यावरून. त्याला ‘पानगळ’ शोभतं, कारण पेशी तिथे पसारा आवरून जाते. फेरोप्टोसिसमध्ये पेशीचं आवरण फाटतं. ‘लोहपात’ही नको, उल्कापातासारखं लोखंड बरसल्याचा भास होतो.

शहादेकर: ताई, मग ‘गंजमृत्यू’?

धुळेकर: नाही भाऊ, गंजत काहीच नाही. बिघडते ती पेशीच्या आवरणातली चरबी. लोह नुसतं काडी लावतं. वैशाखात पत्र्याच्या डब्यात तळाशी राहिलेलं शेंगदाणा तेल हुंगून बघा. त्या वासाला आपण काय म्हणतो? खवट. रसायन जवळपास तेच: असंतृप्त स्निग्धाम्लांवर ऑक्सिजनचा मारा, एक रेणू बिघडला की शेजारचा. जीपीएक्स४ हे एन्झाइम ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रसायनाच्या जोरावर ते थोपवतं. ग्लुटाथायोन बनवायला लागणारं सिस्टिन पेशीत येणं बंद झालं की ग्लुटाथायोन आटतं आणि खवटपणा सुटतो. व्हिटॅमिन ई दोन्हीकडे आडवं येतं, डब्यातही आणि पेशीतही.

भुसावळकर: अरे वा! लेखातही हेच आहे: कॅन्सरच्या बऱ्याच पेशी वाढीसाठी लोह जास्त ओढतात, आणि जळून जाऊ नये म्हणून सिस्टिनचं दार मोठं करतात. जठर, यकृत, स्वादुपिंड, आतडं, सगळीकडे ते दार कसं लावायचं याचा शोध चालू आहे. पण ‘खवटमृत्यू’ छापलं तर संपादक फरसाण मागवतील.

शहादेकर: मथळ्यात फेरोप्टोसिसच ठेवा. पहिल्यांदा ‘लोहप्रेरित पेशीमृत्यू’ लिहा आणि खाली तेलाचा डबा उघडा. आणि एक वाक्य ठळक टाका: लोहाच्या गोळ्या खाऊन कॅन्सर मरत नाही. आमच्याकडे लगेच कुणीतरी सुरू करेल.

धुळेकर: ‘प्रेरित’ चालेल. ‘लोहजन्य’ नको, लोह एकटं काही करत नाही.

भुसावळकर: ठरलं. आता ‘खवट’ की ‘खऊट’? आजी ‘खऊट’ म्हणायची.

धुळेकर: छापायला खवट. बोलायला आजीचं.