मदत हवी आहे: हार्ड डिस्क गेली, विंडोज परत कसं टाकू?

नमस्कार मंडळी. बहिणीच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. विंडोज १० होम सिंगल लँग्वेज कंपनीकडूनच टाकून आलं होतं, पण खोक्यात विंडोजची डिस्क नव्हती. रिकव्हरी पार्टिशन (विंडोज परत टाकण्यासाठी राखून ठेवलेला भाग) त्याच हार्ड डिस्कवर, म्हणजे तेही गेलं! विंडोजचे पैसे आपण लॅपटॉपच्या किमतीतच भरतो, मग सोबत एक पेन ड्राइव्ह तरी द्यायलाच हवा. सर्व्हिस सेंटरवाले त्याचे वेगळे पैसे मागतायत. दुकानदार म्हणतो, "क्रॅक टाकून देतो." असं विनापरवाना विंडोज अजिबात नको, तिचे बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर करता येतो, हे माहीत आहे. लॅपटॉपखाली कीचा (विंडोजच्या परवाना क्रमांकाचा) स्टिकर नाही, कारण विंडोज ८ पासून की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डवरच साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. नवीन एसएसडीवर टाकताना सिंगल लँग्वेज आवृत्ती आपोआप निवडली जाते का? वायफायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवू का? आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर त्याच कीवर थेट ११ चालेल का? प्रोसेसर आय-५, आठवी पिढी आहे. कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.